‘आम्ही ३०० अर्ज केले’, म्हणजे नेमके कोणी?

नाशिकरोडहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं : ‘मुलगा २०२५ मध्ये मेकॅनिकल इंजिनीअर झाला. सीजीपीए ७.१, बॅकलॉग नाही. कॅम्पसला बहुतेक आयटी कंपन्या आल्या, तिथे जमलं नाही. तेव्हापासून आम्ही ३०० च्या वर अर्ज केले. तो फोन उचलत नाही म्हणून पोर्टलवर नंबर माझा दिला आहे. इंटरव्ह्यूला मी सोबत जातो. अंबडच्या एका व्हेंडर कंपनीने क्वालिटी विभागात हातात १५ हजार देऊ केले होते, ते आम्ही नाकारले. इंजिनीअर करून ड्रायव्हरचा पगार घ्यायचा का? शेजारच्यांच्या मुलाला पुण्यात ३ लाखांचं पॅकेज आहे. आता ओळखीतले एक गृहस्थ दीड लाखात चाकणच्या एका कंपनीत आत घालतो म्हणतात. पैसे द्यावेत की एमटेकला घालावं? शिक्षण कर्जाचा हप्ताही आता सुरू होईल.’

नमस्कार. पैसे देऊ नका. का, ते पुढे येईलच. पत्रात खुपलं ते वेगळंच.

अर्ज ‘आम्ही’ केले, नोकरी ‘आम्ही’ नाकारली. मुलाला काय वाटतं, तो वर्कशॉपमध्ये रमायचा की संगणकासमोर, अंबडची ती नोकरी त्याला हवी होती की नको, याबद्दल एक ओळ नाही. सगळं पत्र मुलाविषयी आणि मुलगाच त्यात नाही. सीजीपीए ७.१ ही अडचण नाही. बहुतेक ठिकाणी चाळणी ६ किंवा ६.५ ला असते, त्यातून तो पार होतो. अडचण त्याच्या पुढची आहे.

पोर्टलवर तुमचा नंबर आहे. म्हणजे कंपनीचा फोन तुम्हाला येतो. पलीकडची व्यक्ती दोन मिनिटांत तीन गोष्टी पाहते : मुलगा स्वतःबद्दल धड बोलतो का, कधी रुजू होऊ शकतो, शिफ्टला तयार आहे का. उत्तरं वडील देऊ लागले की नावापुढे फुली पडते आणि ते कोणी कळवतही नाही. इंटरव्ह्यूला सोबत जाण्याचंही तसंच. रात्रपाळीला माल रिजेक्ट व्हायला लागला तर लाइन थांबवायची की चालू ठेवायची, हे ठरवू शकेल असा माणूस प्रॉडक्शन मॅनेजर शोधत असतो. रिसेप्शनच्या सोफ्यावर वडिलांना पाहिल्यावर त्याचा निर्णय निम्मा होऊन जातो.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण रोज जेवताना ‘काही आलं का?’ हे विचारलं जातच असणार. तो फोन उचलत नाही त्याचं मूळ तिथेच असावं. आठवड्यातून एकदा विचारा, रविवारी. बाकी सहा दिवस क्रिकेटवर बोला, पाऊसपाण्यावर बोला.

हप्त्याची धास्ती समजते. शिक्षण कर्जाची परतफेड बहुतेक योजनांत अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षानं सुरू होते आणि व्याज मात्र त्याआधीपासून चढत असतं. जमणार नसेल तर हप्ता थकण्याच्या आधी शाखेत जाऊन मुदतवाढ मागा. थकल्यावर गेलात तर बोलणं अवघड होतं. पण कर्जाचा हिशेब बँकेशी करा, मुलाशी नको.

आता ते दीड लाख. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. डिपॉझिट नाही, ट्रेनिंग फी नाही, व्हेरिफिकेशनचा खर्चही नाही. ‘आत घालतो’ या प्रकारात साधारण दोनच गोष्टी होतात. एक, नेमणूकपत्रच खोटं असतं. त्यावर लोगो कंपनीचा आणि ईमेल जीमेलचा. दुसरी जास्त फसवी आहे : मुलगा खरोखर गेटच्या आत जातो, पण ठेकेदाराच्या पे-रोलवर, सहा महिन्यांसाठी. सहा महिने झाले की ब्रेक. ते गृहस्थ म्हणतात, ‘काम करून दिलं होतं ना!’ आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटं बोलत नसतात. नेमणूकपत्रावर सही कोणाची, पगार कोणाच्या खात्यातून, पीएफ कोणाच्या कोडवर, एवढं विचारून बघा. ‘सोबत एक वर्षाचं अनुभव प्रमाणपत्रही देतो’ म्हणाले, तर उठून या. पीएफमध्ये प्रत्येकाचा एकच कायमचा क्रमांक, यूएएन, असतो आणि आधी कुठे, कधी ते कधी काम केलं हे त्यावर दिसतं. खोटा अनुभव तिथे उघडा पडतो, तोही पाच वर्षांनी, चांगली नोकरी हातात असताना.

शेजारच्या पॅकेजबद्दलचा गैरसमज मात्र नीट सोडवायला हवा, कारण नाशिकमधल्या निम्म्या घरांत तो आहे. ‘३ लाखांचं पॅकेज’ हा कंपनीला पडणारा वर्षाचा खर्च आहे, पगार नव्हे. महिन्याला २५,००० झाले. बेसिक निम्मं, म्हणजे १२,५०० धरू. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, १,५०० रुपये. ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, सुमारे ६०० रुपये. हे दोन्ही त्या २५,००० मध्येच मोजलेले असतात. उरले २२,९००. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० वजा. हातात सुमारे २१,२००. पॅकेजमध्ये वर्षाचे ३०,००० ‘व्हेरिएबल’ म्हणून धरले असतील, तर महिन्याचे आणखी अडीच हजार अधांतरी. त्यानंतर पुण्यातली खोली, मेस, पेट्रोल. हे सगळं भागवून त्या मुलाकडे उरतं किती आणि घरी राहून, घरचा डबा नेऊन अंबडला १५ हजार मिळवणाऱ्याकडे किती, ही वजाबाकी एकदा मांडा. १५ हजार कमीच आहेत, त्यावर साखर पेरायची गरज नाही. पण ड्रायव्हरशी तुलना करताना तुम्ही आजचा पगार पाहिलात, तिसऱ्या वर्षीचा पाहिला नाहीत. (आणि ड्रायव्हरचं काम हलकं, हे कोणी ठरवलं?)

एमटेक म्हणाल, तर निव्वळ ‘घरी बसण्यापेक्षा बरं’ म्हणून अजिबात नको. दोन वर्षांनी हाच प्रश्न जास्त वयात आणि जास्त कर्जासह येईल. शिकवण्याची किंवा संशोधनाची ओढ असेल तर गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा द्यावी. ती फेब्रुवारीत होते, स्कोअर तीन वर्षं चालतो.

इथून पुढचं मुलासाठी आहे. हे त्याच्या हातात द्या आणि शेजारी बसून वाचू नका.

तर मित्रा, पोर्टलवरचा नंबर आजच बदल. बायोडेटा एक पानाचा कर. वडिलांचं नाव, जन्मतारीख, छंद, खालचं ‘डिक्लरेशन’, वरचं ‘ऑब्जेक्टिव्ह’ सगळं काढ. त्या जागी प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलंस ते चार ओळींत येऊ दे. प्रोजेक्ट चौघांनी मिळून विकत आणला असेल, तर आधी तो उघडून समजून घे. शाफ्टला ईएन८ हेच पोलाद का घेतलं, मोटरचा आरपीएम कसा ठरवला, यावर पहिल्या पाच मिनिटांत फ्रेशर अडकतो. ‘गाइडने सांगितलं’ हे उत्तर दिलंस की पुढचं सगळं औपचारिक.

नाशिकच्या सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग आणि विजेची स्विचगिअर हे मोठे धंदे. तिथे तुला थर्मोडायनॅमिक्स क्वचितच विचारतील. ड्रॉइंग समोर ठेवतील. त्यावर २५ एच७ लिहिलेलं असेल, म्हणजे माप २५ आणि एच७ ही त्यात चालणाऱ्या फरकाची खूण. भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरमध्ये हवं, हे तोंडावर असलं पाहिजे. त्यात २५ जी६ ची शाफ्ट घातली तर ती २४.९८० ते २४.९९३, म्हणजे खेळ (दोघांमधली मोकळी जागा) कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉन, फिट सैल. मग पुढचा प्रश्न : हे भोक व्हर्निअरने मोजशील का? नाही. व्हर्निअरचं लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ मिलिमीटर आणि सगळी टॉलरन्सच (चालणारा फरक) ०.०२१. बोअर गेज किंवा गो-नो गो प्लग गेज लागेल. डिग्री हातात असूनही इथे गप्प राहणारी मुलं पुष्कळ असतात, म्हणून डिप्लोमावाला पुढे निघून जातो.

सराव घरी होतो. गॅरेजवाल्याकडून दुचाकीच्या पिस्टनची झिजलेली पिन माग. ० ते २५ चा मायक्रोमीटर मिळव, आधी त्याची शून्य चूक तपास. पिन तीन जागी आणि प्रत्येक जागी काटकोनातल्या दोन दिशांना मोज. एकाच जागचे दोन आकडे वेगळे आले तर ओव्हॅलिटी, टोकाटोकांत फरक आला तर टेपर. आकडे एक्सेलमध्ये भर, पिनचं ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये काढ. हा कागद इंटरव्ह्यूला ने. ८५ हजारांच्या डेटा सायन्स कोर्सपेक्षा क्वालिटीच्या नोकरीसाठी तो जास्त बोलतो.

आठवड्याला दहाच अर्ज कर, पण कंपनी काय बनवते ते पाहून. लहान युनिटमध्ये ईमेल कोणी उघडत नाही. गेटवर जाऊन बायोडेटा टाइम ऑफिसला दे आणि क्वालिटी किंवा प्रॉडक्शन बघणाऱ्याचं नाव विचार. वसाहतीची साप्ताहिक सुटी रविवारीच असते असं नाही, वार विचारून जा. ‘इंजिनीअर आहेस, टिकशील किती दिवस?’ हा प्रश्न हमखास येणार. ‘कायमचा’ असं म्हणू नकोस, कोणी विश्वास ठेवत नाही. ‘दोन वर्षं नक्की, त्यात पीपॅप आणि कंट्रोल प्लॅन स्वतः करायला शिकायचंय’ असं म्हण आणि ते खरं असू दे. (पीपॅप म्हणजे नवा पार्ट ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याची कागदपत्रं, कंट्रोल प्लॅन म्हणजे कोणत्या टप्प्यावर काय तपासायचं याचा तक्ता.)

अप्रेंटिसशिपचा क्रम चुकवू नकोस. एनएटीएस या केंद्र सरकारच्या अप्रेंटिस योजनेच्या पोर्टलवर नोंद कर. ओझरचा एचएएल हा विमानांचा सरकारी कारखाना पदवीधर अप्रेंटिस घेतो, इतर मोठे कारखानेही घेतात. स्टायपेंड मिळतो, कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं. पण वर्षभराचा नोकरीचा अनुभव झाला की सहसा यासाठी पात्र धरत नाहीत, आणि ती एकदाच करता येते. म्हणून याचा विचार नोकरी धरण्याआधी.

नोकरी समोर आली की पगाराच्या आधी विचार : विभाग कोणता, कोणत्या ग्राहकाचे पार्ट, वरचा माणूस कोण, तास किती, पीएफ पहिल्या महिन्यापासून का. ‘ट्रेनी इंजिनीअर’ म्हणून बारा तास मशीनवर उभं करणार असतील, तर नाही म्हण. बाँड वाच, किती महिने, सोडल्यास किती रक्कम. मूळ मार्कशीट कोणाकडेही ठेवायची नाही, दाखवायची आणि परत आणायची.

अंबडच्या त्या कंपनीत विभाग क्वालिटी होता. वाहन कंपन्यांना माल पुरवणारी असेल, तर ग्राहकाचे ऑडिट, रिजेक्शनचं ८डी (चुकीचं मूळ शोधण्याची आठ टप्प्यांची पद्धत), कंट्रोल प्लॅन हे सगळं तिथे दीड वर्षात हाताखालून जातं, आणि ‘अनुभव १ ते ३ वर्षं’ लिहिणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींत हेच शब्द असतात. तुला ती हवी होती का, हे तूच ठरव. हवी असेल तर ज्यांनी इंटरव्ह्यू घेतला त्यांना तू स्वतः फोन कर : ‘तेव्हा नाही म्हणालो होतो, जागा अजून आहे का?’ भरली असेल तर पुढची कधी निघेल ते विचार, आणि बायोडेटा पुन्हा पाठवू का, हेही.