भाकरी चिरते, कळण फाटतं, लाडू दगड होतात: थंडीतले तुमचे प्रश्न

बाजरीची भाकरी थापतानाच कडेने चिरते आणि तव्यावर फुगत नाही. ज्वारीची मात्र नीट होते. कुठे चुकतं?
*(एक वाचक, सातारा)*

आधी पिठाचं वय बघा. बाजरीत ज्वारीपेक्षा स्निग्धांश बराच जास्त असतो, म्हणून तिचं पीठ लवकर खवट होतं आणि त्याची विरीही (पीठ धरून ठेवणारा चिकटपणा) लवकर जाते. हिवाळ्यातसुद्धा आठ-दहा दिवसांना पुरेल एवढंच दळून आणा. डब्यात महिनाभर राहिलेल्या पिठाची भाकरी कितीही मळलं तरी चिरणारच.

पीठ ताजं असेल तर चूक पाण्यात किंवा मळण्यात असते. बाजरीत गव्हासारखं ग्लुटेन नाही. गरम पाण्याने पिष्ट थोडं फुलून चिकट होतं, तेवढाच काय तो तिचा आधार. एका मोठ्या भाकरीला एक वाटी पीठ, चिमूट मीठ आणि साधारण अर्धी ते पाऊण वाटी कडकडीत पाणी घ्या. पाणी एकदम ओतू नका. आधी उलथन्याने कालवा, हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताच्या टाचेने परातीत रगडून तीन-चार मिनिटं मळा. गोळा दाबल्यावर कडा फाटत असेल तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं. सगळ्यांचं एकदम मळून ठेवलं, तर शेवटची भाकरी हमखास चिरते.

आता फुगण्याचं. तवा चांगला तापलेला हवा. भाकरी टाकताच कोरड्या पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच सगळीकडे सारखं पाणी फिरवा. कोरडं पीठ राहिलं तर तिथे पांढरा डाग पडून भेग जाते आणि वाफ त्या भेगेतून निघून जाते. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, अशा वेळी उलटा. ही दुसरी बाजू डाग पडेपर्यंत नीट भाजा आणि मग पहिली बाजू थेट विस्तवावर धरा. पहिली बाजू तव्यावरच जास्त भाजली गेली तर ती कडक होते आणि पापुद्रा सुटत नाही. एवढं करूनही एकाच बाजूने फुगत असेल, तर भाकरी सगळीकडे सारख्या जाडीची थापली जात नाही.

इथे अमेरिकेत मिळणारं बाजरीचं पीठ कडूच लागतं. कडूपणा घालवता येईल का?
*(एक वाचक, न्यू जर्सी)*

नाही. भाजून किंवा गूळ घालून तो फार तर झाकता येतो, जात नाही. अख्खी बाजरी विकत घ्या, ती बरीच टिकते. लागेल तेवढी मिक्सरमध्ये दळून बारीक चाळणीने चाळा, वरचा रवा पुन्हा फिरवा. दळताना भांडं तापू लागलं की थांबा. उरलेलं पीठ हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा.

कुळथाच्या कळणात ताक घातलं की फाटतं. शिवाय दरवेळी दाताखाली खडा येतो.
*(एक वाचक, कुडाळ)*

खडे आधी. कुळथातले खडे अगदी त्याच रंगाचे असतात, निवडताना डोळा फसतो. त्यामुळे निवडल्यावरही पाण्यात रोळूनच घ्या. भांडं हलवत वर येणारे दाणे हळूहळू दुसऱ्या भांड्यात काढा, खडे तळाशी राहतात.

चार माणसांना एक वाटी कुळीथ रात्रभर भिजवा. सकाळी सहा वाट्या ताजं पाणी घालून मध्यम आचेवर कुकरच्या सात-आठ शिट्ट्या करा. दाणा बोटांत चिरडला गेला पाहिजे. पाणी गाळून घ्या, हे कळण. दाटपणा हवा असेल तर मूठभर शिजलेले दाणे वाटून त्यात मिसळा. उरलेल्या दाण्यांची उसळ होते, टाकू नका.

ताक फाटतं ते उकळीमुळे. आंबट ताक तापलं की त्यातली प्रथिनं आवळून पाणी वेगळं होतं. एक वाटी ताजं, फार आंबट नसलेलं ताक घ्या आणि त्यात चमचाभर तांदळाचं पीठ घालून घुसळा. कळण गॅसवरून उतरवा, दोन मिनिटं थांबा, मग ताक बारीक धारेने ओतत ढवळा. परत मंद आचेवर ठेवून ढवळत गरम करा; कडेला बुडबुडे दिसले की बंद. वरून तूप, जिरं, ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची यांची फोडणी. ताकाची धास्तीच वाटत असेल तर चार आमसुलं घाला, ते कळणही तितकंच चांगलं लागतं.

डिंकाचे लाडू दोन दिवसांत दगडासारखे होतात आणि डिंक दाताला चिकटतो.
*(एक वाचक, नागपूर)*

या दोन वेगळ्या चुका आहेत. दाताला चिकटणारा डिंक आतून कच्चा असतो. मोठे खडे ज्वारीच्या दाण्याएवढे फोडा, दोन-तीन तास उन्हात ठेवा. मध्यम तापलेल्या तुपात एक खडा टाकून बघा: हळूहळू फुलत वर आला तर तूप बरोबर. लगेच लाल झाला तर तूप जास्त तापलंय, बाहेरून फुलेल आणि गाभा तसाच राहील. एका वेळी चमचाभरच तळा. फुललेला दाणा चिमटीत सहज चुरला पाहिजे. डिंक वाटीने चुरावा, मिक्सरमध्ये पीठ करू नये.

लाडू दगड होतात ते गुळाचा पाक पुढे गेल्याने. इथे तारेचा पाक करायचाच नाही. दोन चमचे तुपात चिरलेला गूळ मंद आचेवर विरघळवा, पहिले बुडबुडे दिसताच उतरवा आणि लगेच मिसळा.

प्रमाण: डिंक १०० ग्रॅम, खारकेची पूड २५० ग्रॅम, किसून भाजलेलं सुकं खोबरं २५० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, बदाम ५० ग्रॅम, गूळ ३०० ग्रॅम, सगळं मिळून तूप सुमारे १५० ग्रॅम, अर्धं जायफळ. मध्यम आकाराचे पंचवीस-तीस लाडू होतात. खारका दळण्याआधी बिया काढून कोरड्या कढईत गरम करून गार करा, नाहीतर मिक्सरच्या पात्याला गोळा बसतो. आताचे कडक लाडू फोडून, किंचित गरम करून, भाजलेलं खोबरं आणि पातळ तूप घालून पुन्हा वळा. दुधाचा हबका मारला तरी वळतात, पण मग चार दिवसांत संपवा.

भोगीच्या भाजीत वांग्याचा लगदा होतो आणि हरभरा कच्चा राहतो.
*(एक वाचक, सोलापूर)*

सगळं एकदम घालू नका. ओले शेंगदाणे, सोलाणे (ओल्या हरभऱ्याचे दाणे) आणि पावट्याचे दाणे फोडणीत परतून, पाणी घालून, झाकून दहा मिनिटं शिजवा. मग गाजर आणि घेवडा. पाच मिनिटांनी वांगं, आणि वांगं निम्मं शिजलं की बोरं. तीळ आणि शेंगदाण्याचं कूट प्रत्येकी दोन चमचे, तेही शेवटीच. आधी घातलं तर तळाला लागतं. चिंच-गूळसुद्धा दाणे मऊ झाल्यावर, कारण आंबटात ते शिजायला वेळ घेतात.

अळिवाची खीर गूळ घातला की नासते.
*(एक वाचक, ठाणे)*

दोन चमचे अळीव अर्धी वाटी पाण्यात दोन तास भिजवा, अर्धा लिटर दुधात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा. गॅस बंद करा, दूध कोमट होऊ द्या, मगच गूळ. गूळ घातल्यावर खीर पुन्हा उकळायची नाही. बाळंतिणीला अळीव देतात, गरोदरपणात मात्र पूर्वापार टाळतात. घरात कुणी गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या.