पाणी खरेदीखतात उतरलंय का, ते आधी पाहा

प्रश्न : आम्ही नवरा-बायको डेन्व्हरला नोकरी करतो, दोघंही एच-१बी व्हिसावर. कोलोरॅडोतल्या साउथ पार्क खोऱ्यात, साडेनऊ हजार फुटांवरच्या ३२० एकरांच्या जुन्या रँचचा करार करून इसार भरला आहे. १८८० च्या सुमाराचं ओंडक्यांचं घर धरून चार घरं आहेत, एल्क हरणांचे कळप येतात, समोर बर्फाची रांग दिसते. 'पाणी आणि सरकारी चराईचा परवाना सोबतच' असं दलाल म्हणाला. पण टायटल कंपनीच्या (मालकी तपासून तिचा विमा देणाऱ्या) कागदांत पाण्याचा उल्लेखच नाही, आणि १९९८ चा एक कॉन्झर्व्हेशन ईझमेंट (जमिनीच्या वापरावर बंधनं घालणारा संवर्धनाचा करार) निघाला आहे. आक्षेप घ्यायला बारा दिवस उरलेत. ईझमेंटमुळे व्यवहार मोडावा का? साताऱ्याहून बाबा पैसे पाठवणार आहेत.

उत्तर : लगेच मोडू नका. तुम्ही ईझमेंटला घाबरलात आणि पाण्याचं एका ओळीत उरकलंत. माझी काळजी नेमकी उलटी आहे.

आपल्याकडे विहीर सातबाऱ्यावर दिसते आणि जमिनीबरोबर जाते, म्हणून तुम्हाला शंका आली नसावी. कोलोरॅडोत पाण्याचा हक्क ही जमिनीपासून वेगळी मालमत्ता आहे. १८७६ च्या राज्यघटनेनेच ओढ्या-नद्यांचं पाणी जनतेचं ठरवलं आणि ज्याने आधी वापरात आणलं त्याचा हक्क आधी, असा क्रम लावला. १८८२ मध्ये लेफ्ट हँड डिचच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की काठावर जमीन आहे एवढ्यावर पाणी मिळत नाही. म्हणूनच जमीन एकाला आणि पाणी दुसऱ्याला विकता येतं.

तुमच्या खोऱ्यात हे मोठ्या प्रमाणावर झालं आहे. वाढत्या ऑरोरा शहराने गेल्या शतकात साउथ पार्कमधल्या कितीतरी रँचेसचं पाणी विकत घेतलं. असं पाणी शहराकडे वळवताना जुनी गवताची कुरणं कायमची कोरडी ठेवण्याची अट घातली जाते. रस्त्याकडेची ती करडी, उजाड रानं तुम्ही पाहिली असतील. एके काळी तिथे पाटाच्या पाण्यावर गवत कापलं जायचं. तुमच्या ३२० एकरांवर अशी अट नोंदलेली आहे का, हे मला सगळ्यात आधी कळायला हवं.

टायटल विमा पाण्याच्या हक्काची हमी सहसा देत नाही, त्यामुळे ते पान कोरं असणं यात नवल नाही आणि त्यावर विसंबून चालणारही नाही. विक्रेत्याकडे पाण्याच्या हक्काबाबतच्या न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत मागा. त्यात ओढ्याचं नाव, प्रमाण आणि हक्काची तारीख असते. तारीख जितकी जुनी तितकं उन्हाळ्याच्या टंचाईत पाणी आधी तुमचं. मग राज्याच्या पाणी खात्याच्या ग्रीली शहरातल्या विभागीय कार्यालयातून आणि पाणीवाटप पाहणाऱ्या स्थानिक वॉटर कमिशनरकडून पाणी प्रत्यक्ष घेतल्याच्या नोंदी काढा. सलग दहा वर्षं वापर नसेल तर हक्क सोडून दिला असं गृहीत धरलं जातं, आणि ते खोडून काढायची जबाबदारी मालकावर येते. पाटाची सहकारी कंपनी असेल तर शेअरची मूळ प्रमाणपत्रं पाहा. पाण्यासाठी स्वतंत्र खरेदीखत घ्या, आणि ते मालकीची हमी देणारं असू द्या. नुसतं 'माझा जो काही हक्क असेल तो दिला' एवढंच म्हणणारं क्विटक्लेम डीड घेऊन घरी जाऊ नका.

आता ईझमेंट. तो कायमचा असतो, मालक बदलला तरी जमिनीवर राहतो, आणि करार सांभाळणारी संस्था दरवर्षी पाहणीला येते. जमिनीचे तुकडे पाडणं, ठरलेल्या जागेबाहेर नवं घर बांधणं यावर त्यात बहुधा बंदी असते. तुम्हाला प्लॉट पाडायचे नाहीत, गाई आणि गवत राखायचं आहे. मग हा कागद तुमच्या बाजूचा ठरू शकतो, कारण अशा अनेक करारांत पाणी जमिनीपासून तोडून विकायलाही मनाई असते. तुमच्या करारात ते कलम निघालं तर मला फार आनंद होईल. पुरवण्या आणि नकाशांसह तो पूर्ण वाचा आणि पाहणीचे जुने अहवाल मागा. आधीच्या मालकाने अट मोडून काही बांधलं असेल तर ते निस्तरणं तुमच्या गळ्यात पडेल.

ओंडक्यांच्या घराची चिंता कमी करा. राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत नाव असलं, तरी खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने केलेल्या बदलांना त्यामुळे आडकाठी येत नाही. काउंटीने (जिल्हा प्रशासनाने) वेगळा दर्जा दिला आहे का आणि ईझमेंटमध्ये घराचा उल्लेख आहे का, तेवढं पाहा. चार घरांचा खरा प्रश्न विहिरीचा आहे. ३५ एकरांवरच्या जमिनीला मिळणारा नेहमीचा घरगुती परवाना एका विहिरीवर जास्तीत जास्त तीन कुटुंबांच्या घरांना चालतो. चौथं घर कोणत्या परवान्यावर पाणी पितं? पाहुण्यांना भाड्याने द्यायचा बेत असेल तर ते त्या परवान्यात बसतं का, हेही राज्याच्या पाणी अभियंत्याच्या कार्यालयाकडून लेखी घ्या.

चराईच्या परवान्याबाबत दलालाचं बोलणं खरं धरू नका. सरकारी जमिनीवरची चराई ही सवलत आहे, मालकी नव्हे. नव्या मालकाला नव्याने अर्ज करावा लागतो. जमीन बीएलएमची (केंद्र सरकारच्या भूमी व्यवस्थापन विभागाची) असेल तर १९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्याप्रमाणे अर्जदार अमेरिकी नागरिक हवा, किंवा नागरिकत्वाचा इरादा रीतसर नोंदवलेला हवा. एच-१बीवर ते जमत नाही. त्या परवान्याची किंमत भावात धरली असेल तर ती वजा करून घ्या.

आणखी एक, जे तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. १९७८ च्या अमेरिकी केंद्रीय कायद्याप्रमाणे, ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी व्यक्तीने दहा एकरांहून अधिक शेतजमीन घेतली, तर ९० दिवसांत कृषी खात्याकडे माहिती द्यावी लागते. चुकलात तर दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

एल्क राज्याचे आहेत, खरेदीखतात येत नाहीत. समोरच्या दृश्यावरही कायद्याने हक्क नसतो. त्या दृश्यातली जमीन कोणाची आहे आणि तिच्यावर काही बंधन आहे का, ते काउंटीच्या नोंदींत बघा.

बाबांना भारतातून दर आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच गोळा केला जाणारा कर) कापेल, तो त्यांच्या आयकरात वळता होतो. ही भेट वर्षात एक लाख डॉलरच्या वर गेली तर तुम्हाला इथे अमेरिकी आयकर खात्याचा फॉर्म ३५२० भरावा लागेल. कर लागत नाही, पण फॉर्म राहिला तर दंड जबर आहे. थोडक्यात, आक्षेपाचं पत्र याच आठवड्यात लेखी द्या, पाण्याच्या तपासणीसाठी मुदत वाढवून मागा, आणि हुकूमनामा हातात येईपर्यंत साताऱ्याहून एक रुपयाही निघू देऊ नका.