आल्टो सॅक्सोफोन वाजवता येतो. टेनर पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागेल का?

नाही. उंच सुराच्या सोप्रानोपासून खर्जातल्या बॅरिटोनपर्यंत सगळ्या सॅक्सोफोनवर बोटांची ठेवण जवळपास एकच. खरी परीक्षा ओठांची. आल्टोच्या सवयीने टेनरचा माउथपीस आवळून धरलात तर सूर चढतो आणि खालचे स्वर धड फुटत नाहीत. जबडा सैल सोडा, दम जास्त लावा. सोप्रानोचं उलट: ओठ जरा हलले की सूर घसरलाच! मला तरी तोच सगळ्यांत खट्याळ वाटतो. रीड (माउथपीसवर बसवायची, कंप पावणारी पातळ पट्टी) अर्थातच त्या त्या वाद्याच्या मापाची.

दुसरा घोळ नोटेशनचा. आल्टो ई फ्लॅटमधला, टेनर बी फ्लॅटमधला; म्हणजे कागदावरचा सी वाजवला की आल्टोतून ई फ्लॅट ऐकू येतो, टेनरमधून बी फ्लॅट. पियानोचा सी हवा असेल तर आल्टोवर ए वाजवायचा, टेनरवर डी. वाद्य बदललं की आधी ५ मिनिटं नुसते लांब स्वर धरा, मग गाण्याकडे वळा.