‘७० टक्के मक्तेदारी’ म्हणावे का?

प्रश्न असा : ‘या उद्योगात अमुक कंपनीची ७० टक्के मक्तेदारी आहे’ अशी वाक्ये बातम्यांत सर्रास दिसतात. ती बरोबर आहेत का? मक्तेदारी आणि बाजारपेठेतला वाटा एकच का?

माझ्या मते हा प्रयोग टाळावा. तिथे ‘७० टक्के वाटा’ एवढेच सांगायचे असते. मक्ता म्हणजे वसुलीचा किंवा विक्रीचा ठेका. एकाला दिला की इतरांना मज्जाव. शब्दाचा भर किती माल खपवला यावर नाही, दुसऱ्याला शिरकाव आहे की नाही यावर आहे. अर्थशास्त्रातही गिऱ्हाईक फारसे न गमावता भाव चढे ठेवता येणे, ही मक्तेदारीची ताकद. मोठा वाटा हे तिचे लक्षण असू शकते, पण नवे उत्पादक सहज उतरू शकत असतील तर ७० टक्केवालाही भाव वाढवताना कचरतो.

शिवाय ७० टक्के कशाचे? अमेरिकेत ‘अल्कोआ’ या ॲल्युमिनियम कंपनीच्या खटल्यात (निकाल १९४५) तिच्या वाट्याचे तीन आकडे निघाले. भंगार वितळवून केलेला धातू हिशेबात धरला नाही तर ९०हून अधिक टक्के, धरला तर ६४, आणि कंपनी स्वतःच वापरते तो मालही वगळला तर अवघे ३३! न्यायाधीश लर्नेड हँड यांच्या मते ९० टक्के मक्तेदारीला पुरेसे, ६०-६४ शंकास्पद, ३३ मुळीच नाही. त्यांनी पहिला हिशेब धरला आणि कंपनी मक्तेदार ठरली.

१९५६ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात उलट झाले. अमेरिकेतल्या सेलोफेनच्या (पारदर्शक वेष्टनाच्या) विक्रीत ‘ड्यू पाँट’ कंपनीचा वाटा सुमारे ७५ टक्के होता; सर्व लवचीक वेष्टनांत मिळून २०हूनही कमी. सर्वोच्च न्यायालयाने दुसरा आकडा मानला आणि कंपनी सुटली. यावर अर्थतज्ज्ञांनी घेतलेला आक्षेप मला पटतो : भाव आधीच मक्तेदाराने चढवलेला असेल, तर गिऱ्हाईक इतर वेष्टनांकडे वळणारच. तेवढ्यावरून ती खरी स्पर्धक ठरत नाहीत.

तेव्हा नुसता आकडा असेल तर ‘वाटा’ लिहावे, इतरांहून फार पुढे असेल तर ‘वर्चस्व’. मक्तेदारी टक्क्यांतच मांडायचा हट्ट असेल, तर अर्थतज्ज्ञ ॲबा लर्नर यांनी १९३४ मध्ये सुचवलेले माप आहे : किंमत आणि सीमान्त खर्च (आणखी एक नग बनवायला येणारा खर्च) यांतला फरक किमतीच्या किती टक्के. त्या सूत्रात बाजारपेठेतला वाटा येतच नाही.