यूकेत इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी अनकंडिशनल ऑफर मिळण्याची शक्यता किती असते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी बारावी सायन्सला, महाराष्ट्र बोर्ड, प्रिलिमला ८२ टक्के. मेकॅनिकलसाठी यूकेतल्या पाच विद्यापीठांत यूकासमार्फत (तिथली सामाईक प्रवेश-अर्ज यंत्रणा) अर्ज केलाय, दोन कंडिशनल (निकालाची वगैरे अट असलेल्या; अनकंडिशनल म्हणजे बिनअटीच्या) ऑफर आल्यात, आणि एजंट म्हणतो, "घाई करू नका, अनकंडिशनल मिळवून देतो." तर शक्यता किती?

आज, बोर्डाची परीक्षा व्हायच्या आत, जवळजवळ शून्य. मे महिन्यात निकाल लागल्यावर तिने ऑफरमधली टक्केवारी आणि इंग्रजीची अट पूर्ण केली असेल, तर आत्ता हातात असलेली कंडिशनल ऑफरच अनकंडिशनल होईल. त्यासाठी कुणी काही "मिळवून" द्यावं लागत नाही. गुणपत्रिका पाठवायची, विद्यापीठ ती तपासतं, यूकासवर स्थिती बदलते.

मी मूळचा सांगलीचा. बरीच वर्षं इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका विद्यापीठात मेकॅनिकल शिकवतो आणि विभागाच्या प्रवेशाचं कामही केलंय. आपल्याकडच्या पालकांकडून हा प्रश्न इतक्यांदा येतो, आणि बहुतेक वेळा त्यामागे "अनकंडिशनल म्हणजे विद्यापीठाला आपली मुलगी फार आवडली" असा समज असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अर्ज उघडला की आम्ही सगळ्यात आधी निकाल लागलेत की लागायचेत ते बघतो. लागायचे असतील तर अट येणारच, मग मुलगी कितीही हुशार असो. लागलेले असतील आणि पुरेसे असतील तर अट घालायला काही उरतच नाही. स्कॉटलंडमधल्या मुलांना अनकंडिशनल ऑफर सर्रास मिळतात त्याचं कारणही हेच. तिथली मुलं हायर्स ही परीक्षा शाळेच्या पाचव्या वर्षी देतात आणि सहाव्या वर्षी अर्ज करतात, म्हणजे अर्जाच्या वेळी मार्क हातात असतात. इंग्लंडमधल्या मुलांचा ए-लेव्हलचा, म्हणजे तिथल्या बारावीचा, निकाल ऑगस्टच्या मध्यावर येतो, त्यामुळे बिचारी सगळं वर्ष कंडिशनलवर काढतात. तुमची मुलगी या बाबतीत त्यांच्यापेक्षा सुदैवी आहे. २०२५ मध्ये आपला एचएससीचा निकाल ५ मे रोजी लागला आणि ए-लेव्हलचा १४ ऑगस्टला. इकडची मुलं नखं खात बसलेली असतात तेव्हा आपल्या मुलांची जागा पक्की होऊन व्हिसाची कागदपत्रं चाललेली असतात.

आता तुमच्या ओळखीतला कुणीतरी नक्की म्हणेल, "पण आमच्या पुतण्याला परीक्षेच्या आधीच मिळाली होती." खोटं नसेल ते. मधे काही वर्षं इथे तसा बाजारच भरला होता. २०१३ मध्ये इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या १८ वर्षांच्या अर्जदारांना मिळून २,९८५ अनकंडिशनल ऑफर दिल्या गेल्या होत्या. २०१८ मध्ये हा आकडा ६७,९१५ झाला. विद्यार्थिसंख्येवरची सरकारी मर्यादा उठली होती आणि प्रत्येक विद्यापीठाला वर्ग भरायचे होते. बर्मिंगहॅम विद्यापीठाने याची सुरुवात करून दिली आणि पुढे स्वतःच ही पद्धत सोडली. मग त्यातून आणखी एक चलाख प्रकार निघाला: आम्हाला पहिली पसंती दे, मग तुझी ऑफर अनकंडिशनल करतो. तेव्हाचे शिक्षणमंत्री डेमियन हिंड्स यांनी २०१९ मध्ये २३ विद्यापीठांना पत्र लिहून याबद्दल झापलं. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, ऑफिस फॉर स्टुडंट्स या नियामक संस्थेने तात्पुरती बंदी घातली, आणि २०२२ मध्ये विद्यापीठांच्या संघटनांनी स्वतःसाठी जी आचारसंहिता केली तिच्यात हा "पहिली पसंती द्या" प्रकार बाद झाला. त्यामुळे पुतण्याचा अनुभव खरा असला तरी आज त्याच्यावर हिशेब मांडू नका.

इंजिनिअरिंगमध्ये आम्ही अट सोडायला नाखूश असतो त्याला गणित कारण आहे. पहिल्याच सत्रात कॅल्क्युलस, व्हेक्टर, डायनॅमिक्स सुरू होतं. ज्याचं बारावीचं गणित कच्चं राहिलंय तो नोव्हेंबरपर्यंत मागे पडतो, आणि परदेशातून आलेला असेल तर पंचवीस-तीस हजार पौंड फी भरून मागे पडतो. ऑफर पक्की झाली की मुलं अभ्यास सैल सोडतात हे ऑफिस फॉर स्टुडंट्सच्या आकडेवारीतही दिसलं होतं: अनकंडिशनल ऑफर घेतलेली मुलं अपेक्षित ग्रेडपेक्षा जास्त प्रमाणात खाली घसरली होती. चित्रकलेचा किंवा संगीताचा विभाग पोर्टफोलिओ बघून, वाजवणं ऐकून अट सोडू शकतो. आम्हाला तशी सोय नाही. केंब्रिज आणि इम्पीरियल तर इंजिनिअरिंगसाठी ईसॅट नावाची वेगळी प्रवेश परीक्षा घेतात आणि त्यावर पुन्हा कंडिशनल ऑफर देतात.

आता जे सांगतोय ते तुमच्यासाठी या उत्तरातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण महाराष्ट्रातली मुलं नेमकी इथे अडकतात. आपल्याकडे इंजिनिअरिंगला जायचं तर सीईटी. खुल्या गटाला पीसीएममध्ये ४५ टक्के मिळाले की बोर्डाचं काम संपलं, पुढे सगळं पर्सेंटाइलवर. म्हणून क्लासवाले, कॉलेजवाले, पालक, सगळेच बोर्डाला "पास झालं की बास" म्हणून बाजूला ठेवतात. यूकेतल्या विद्यापीठांचं अगदी उलट आहे. माझ्या विभागात सीईटीचा पर्सेंटाइल कुणी विचारत नाही, आणि अर्जात लिहिला तरी त्यावरून निर्णय होत नाही. आम्ही बोर्डाची गुणपत्रिका बघतो, आणि तिच्यातही आधी गणित आणि फिजिक्स. सीईटीला ९७ पर्सेंटाइल आणि बोर्डात ६४ टक्के अशी मुलं मी पाहिली आहेत. त्यांची कुवत मला समजते, पण ऑफरमध्ये लिहिलेला आकडा बोर्डाचा असतो आणि प्रवेश कार्यालय तोच धरून चालतं. म्हणून मुलीने आत्ता सीईटीचे एमसीक्यू थोडे कमी सोडवले तरी चालतील. गणिताचा पेपर पायऱ्या लिहून, वेळ लावून सोडवायचा सराव हवा, आणि प्रॅक्टिकल-इंटर्नलचे मार्क पूर्ण खिशात पडायला हवेत.

ऑफर लेटर पुन्हा एकदा नीट वाचा. एकूण टक्केवारी मागितली आहे की "उत्तम चार विषयांची सरासरी"? गणिताला आणि फिजिक्सला वेगळी अट आहे का? सीबीएसई-आयसीएसई आणि स्टेट बोर्ड यांच्यासाठी बरीच विद्यापीठं वेगवेगळे आकडे लावतात आणि स्टेट बोर्डाचा आकडा बहुधा वर असतो. काही विद्यापीठं स्टेट बोर्डाची बारावी थेट पहिल्या वर्षासाठी पुरेशी मानत नाहीत, फाउंडेशन इयर (पदवीआधीचं तयारीचं एक वर्ष) करायला सांगतात. इंग्रजीचंही तसंच: काही ठिकाणी बारावीच्या इंग्रजीतल्या मार्कांवर आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा माफ होते, पण त्या यादीत आपलं बोर्ड आहे का ते विद्यापीठाला ईमेल करून लेखी विचारा. एजंटच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका. मे महिन्यात "टक्के आले पण आयईएलटीएस राहिलं" म्हणून ऑफर कंडिशनलच राहिलेली मुलं दरवर्षी दिसतात, आणि हे अगदी सहज टळण्यासारखं आहे.

प्रेडिक्टेड, म्हणजे निकालाआधी कॉलेजने अंदाजाने लिहिलेल्या, मार्कांबद्दल एक कडवट गोष्ट. इकडच्या शाळेत शिक्षक मुलाला दोन वर्षं वर्गात बघतो आणि त्यावरून अपेक्षित ग्रेड लिहितो. आपल्याकडे इंटिग्रेटेडच्या नावाखाली मुलं कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला उगवतात, शिक्षकाला मुलीचं नावही माहीत नसतं, मग पत्र एजंटच्या ऑफिसात टाइप होतं आणि प्राचार्यांची सही तेवढी आणली जाते. एकाच साच्यातली तीन पत्रं एकाच आठवड्यात आली की आम्हाला कळतं हो. तुमच्या मुलीचे प्रिलिमचे ८२ टक्के खरे असतील तर त्यांचीच गुणपत्रिका कॉलेजच्या लेटरहेडवर विषयवार मार्कांसकट जोडलेली कितीतरी बरी. प्रिलिमचे पेपर आपल्याकडे कडक तपासतात, बोर्डात चार-पाच टक्के वर जातात. ऑफर देताना ते आम्ही आपापल्या परीने धरतो, पण ते धरलेलं अर्जदाराला कुठे दिसत नाही.

आता एजंट. तो तुम्हाला अनकंडिशनल देतो म्हणतोय ती दोनच प्रकारे येऊ शकते. एक तर निकालानंतर, जी तशीही येणार आहे. नाहीतर विद्यार्थी कमी पडत असलेल्या एखाद्या विद्यापीठाकडून, बहुतेक फाउंडेशन इयरच्या अभ्यासक्रमासाठी, दहावी-अकरावीच्या मार्कांवर. तीन वर्षांच्या बीईंगऐवजी (बीईंग म्हणजे इंजिनिअरिंगची साधी पदवी) चार वर्षांची फी भरायची तयारी असेल तरच तिच्यात अर्थ आहे. एजंटला कमिशन विद्यापीठाकडून मिळतं. ते काही बेकायदेशीर नाही, पण तो कुठल्या विद्यापीठाचं नाव पुन्हा पुन्हा घेतोय ते ऐकताना तेवढं लक्षात असू द्या.

आणि अशी ऑफर समजा आलीच, तर ती घाईने "फर्म", म्हणजे पहिली पसंती म्हणून पक्की, करू नका. यूकासचा नियम असा की कंडिशनल ऑफर फर्म केली तर दुसरी एक "इन्शुरन्स" म्हणून राखून ठेवता येते. पण अनकंडिशनल ऑफर फर्म केली की बाकीच्या सगळ्या रद्द होतात, इन्शुरन्स मिळत नाही आणि तुम्ही तिथेच जाणार असं धरलं जातं. म्हणजे चांगल्या विद्यापीठाची ८५ टक्क्यांची अट असलेली ऑफर फर्म ठेवावी, आणि दुसरीकडून अनकंडिशनल आलीच तर तिला इन्शुरन्सला बसवावं. मी माझ्या भाचीला हेच सांगितलं असतं. एजंट बहुधा उलट सांगेल.

मेकॅनिकलबाबत आणखी एक अट असते, ती लोकांना उशिरा कळते. मुलीने बीईंगला अर्ज केलाय की एमईंगला? एमईंग म्हणजे पदवीतच मास्टर्स जोडलेला चार वर्षांचा अभ्यासक्रम. पुढे चार्टर्ड इंजिनिअर (यूकेतली इंजिनिअरची व्यावसायिक मान्यता) व्हायचं तर शिक्षणाची अट मान्यताप्राप्त एमईंगने पूर्ण होते, नुसत्या बीईंगने अर्धवट. पण भारतीय नागरिकाला मेकॅनिकल, एरोस्पेस, मटेरियल्स अशा विषयांत एमईंग करायचं तर ब्रिटिश सरकारचं एटास प्रमाणपत्र (संवेदनशील विषय शिकण्याची परवानगी) लागतं. ते फुकट आहे, पण यायला काही आठवडे जातात, उन्हाळ्यात जास्तच. बीईंगला ते लागत नाही. शैक्षणिक अटी पूर्ण झालेली एमईंगची ऑफरसुद्धा एटास येईपर्यंत अडून राहू शकते, म्हणून एमईंग असेल तर निकाल लागल्याच्या आठवड्यातच एटासचा अर्ज टाका.

ऑफर अनकंडिशनल झाल्यावरही लगेच विमानाचं तिकीट काढायचं नसतं. विद्यापीठ डिपॉझिट मागेल, बरीच विद्यापीठं व्हिडिओवर छोटी मुलाखत घेतात, मग कॅस क्रमांक (व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा क्रमांक) येतो आणि त्यानंतर व्हिसाचा अर्ज. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च (लंडनबाहेर सध्या महिना १,१७१ पौंड) खात्यात सलग २८ दिवस दिसावा लागतो. एफडी मोडायची, सोनं तारण ठेवायचं की कर्ज काढायचं हे जूनमध्ये ठरवायला बसलात तर उशीर होईल.

निकाल कमी आला तर? ऑफरमध्ये ८५ आणि बोर्डात ८२ आले, तर त्याच दिवशी विद्यापीठाला ईमेल करा, गुणपत्रिका जोडा, गणिताचे मार्क चांगले असतील तर ते ठळक करा. दोन-तीन टक्क्यांनी हुकलेल्या, पण गणितात ९० च्या वर असलेल्या मुलांना आम्ही घेतलेलं आहे. जागा किती शिल्लक आहेत त्यावर ते असतं. आणि तिची कुठलीच ऑफर टिकली नाही तर जुलैपासून यूकासचं क्लिअरिंग (उरलेल्या जागांची फेरी) सुरू होतं, आणि तिथे निकाल हातात असलेल्या विद्यार्थिनीला थेट अनकंडिशनल जागा मिळते. क्लिअरिंगमध्ये इंजिनिअरिंगच्या जागा दरवर्षी दिसतात, मोठ्या नावांच्या विद्यापीठांतही.

दोन कंडिशनल ऑफरमध्ये नेमकं काय लिहिलंय ते, विद्यापीठांची नावं गाळून, खाली कमेंटमध्ये टाका. ८२ वरून तिथे पोचता येईल का ते बघून सांगतो.