माळवदाची माती

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, आजीच्या घराच्या भिंती किल्ल्यासारख्या जाड, मग वर साधे पत्रे का?" ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

त्या भिंतींतला काळा दगड म्हणजे बसाल्ट. दख्खनचं पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून बनलं, त्यामुळे आपल्या लातूर-धाराशिवकडे घराला दगड लांबून आणावा लागत नसे. वडार तो फोडत, पाथरवट घडवत.

दारातून आत आलीस की बाजूच्या भिंतीत एक खोल भोक दिसेल, त्यात हात घालून बघ. रात्री दाराला लावायचा अडसर दिवसा त्यात सरकवून ठेवत. पुढे ढेलज, म्हणजे दाराच्या आतली बैठकीची जागा, मग चौक, चौकाभोवती ओसरी. माजघरात दुपारीही अंधार वाटतो ना? बाहेरच्या भिंतींना खिडक्याच नाहीत. चोरांची भीती असे, आणि घरात वर्षाची ज्वारी असे, भिंतीतल्या बळदात किंवा जमिनीखालच्या पेवात. उजेड यायचा तो चौकातून आणि छतातल्या साण्यातून, म्हणजे झरोक्यातून.

त्या छताला माळवद म्हणतात. सागाचे खांब, त्यांवर तुळया, वर लाकडी फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणायचं, आणि घर किती मोठं ते खणांत सांगायचं. पावसाळ्याआधी छत गळू नये म्हणून वर नवी माती घालत. उन्हाळ्यात त्या छताखाली किती गार वाटायचं, ते मी अजून विसरलो नाही.

पण वर्षानुवर्षं ती माती वाढत गेली, आणि भिंतींवरचं ओझंही. २९ सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. ३० तारखेला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आपल्याकडच्या भिंती म्हणजे आतून-बाहेरून दगडाचे दोन थर आणि मध्ये माती-कपच्या. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड बहुतेक घरांत नव्हते. धक्क्याने थर सुटले, भिंती कोसळल्या, आणि हजारो माणसं दगडमातीखाली गेली. काही घरांच्या भिंती पडल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिला होता.

आपलं घर वाचलं. पुढच्या उन्हाळ्यात आजोबांनी माळवद उतरवलं, पत्रे घातले. आजी रडली होती, आणि तरी मातीच्या पाट्या उचलायला तीच पुढे होती. परसात लिंबाखाली जमीन पांढुरकी दिसते ना, ती तीच माती.

तुझा,
बाबा