अमायनो अ‍ॅसिड केमिकलने सरळ बनतं, मग जिवाणूंचे एन्झाइम कशाला?

तुम्ही विचारलंय की खाण्याच्या पदार्थात घालायचं (प्रथिनं ज्यांची बनतात ते) अमायनो अ‍ॅसिड जिवाणूंच्या एन्झाइमने, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाने, बनवतात म्हणे, केमिकलने सरळ होत असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला, आणि ते जिवाणू आपल्या पोटात जातात का.

सरळ होतं की, पण अर्धंच कामाचं होतं. अमायनो अ‍ॅसिडचे रेणू दोन प्रकारचे, एल आणि डी, डाव्या-उजव्या चपलेसारखे. दिसायला सारखे पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. आपली प्रथिनं एलची बनतात आणि नुसत्या केमिस्ट्रीने केलं की दोन्ही निम्मे निम्मे निघतात. ग्लायसिन या सगळ्यात साध्याला ही भानगडच नाही, आणि प्राण्यांचं शरीर डी मिथिओनिनचं एल करून घेतं म्हणून पशुखाद्यात मिश्रण तसंच टाकलं तरी चालतं. बाकीच्यांना निवडून घ्यावं लागतं आणि निवडायला एन्झाइमसारखं दुसरं काही नाही.

जपानच्या तानाबे सेइयाकु कंपनीत इचिरो चिबाता आणि त्यांच्या टीमने 1969 मध्ये हेच केलं. अ‍ॅस्परजिलस ओरायझी बुरशीचा अमायनोअ‍ॅसायलेज एन्झाइम बारीक दाण्यांवर चिकटवला, ते दाणे उभ्या नळीत भरले आणि वरून एल-डीचं मिश्रण सोडलं, दोघांनाही आधी एक रासायनिक शेपटी जोडून. एन्झाइम फक्त एलवाल्याची ती शेपटी तोडतो, तो वेगळा काढायचा, उरलेला डी तापवला की परत निम्मा-निम्मा होतो, मग पुन्हा वरून ओतायचा. काहीच वाया नाही. आधी एन्झाइम दर खेपेला फुकट जायचा, आता तोच पुन्हा पुन्हा वापरता आला आणि खर्च साधारण 40 टक्क्यांनी उतरला.

1973 मध्ये त्यांनी अख्खे ई. कोलाय जिवाणूच जेलमध्ये कोंडून अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड काढलं. हे मी कॉलेजच्या प्रोजेक्टला छोट्या प्रमाणात केलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो. कोमट कॅरागीननच्या (समुद्री शेवाळातून निघणारा, जेल होणारा पदार्थ) द्रावात पेशी मिसळायच्या आणि थेंब थेंब पोटॅशियम क्लोराइडच्या पाण्यात सोडायचे, पडल्या पडल्या साबुदाण्यासारखे मणी होतात. ते काचेच्या नळीत भरले, 37 डिग्रीला ठेवले आणि वरून अमोनियम फ्युमरेट (फ्युमॅरिक अ‍ॅसिड आणि अमोनियाचा क्षार) सोडलं, पीएच 8.5, थोडं मॅग्नेशियम घालून. पहिल्या दिवशी खालून जे आलं त्यात अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड नावालाच. मला वाटलं पेशी मेल्या, आता रिपोर्टमध्ये लिहायचं काय. दुसऱ्या दिवशी बघतो तर काम कितीतरी पट वाढलेलं! पेशी मेल्याच होत्या, फायदा त्याचाच झाला, कारण जेलच्या आत त्या फुटल्या, भिंतीचा अडसर गेला आणि आतला अ‍ॅस्पार्टेज, म्हणजे फ्युमरेटचं अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड करणारा एन्झाइम, मोकळा झाला, पण जेलमधून बाहेर काही पडला नाही. खाली आलेल्या द्रावात अ‍ॅसिड टाकत पीएच 2.8 ला आणला, गार केला की तळाला पांढरे स्फटिक. इतकं स्वच्छ काम की मॅडमनी दोनदा तपासायला लावलं.

म्हणजे जिवाणू नळीतच राहतात, तुमच्याकडे येतात ते गाळलेले, धुतलेले स्फटिक. हेच एल-अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडव्यात जातं, आणि तिथे त्यातले दोन्ही अमायनो अ‍ॅसिडचे तुकडे (दुसरा फेनिलअ‍ॅलनिनचा) एल असले तरच गोड लागतं. पण याला 'नैसर्गिक' म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार, कारण ते करायला लागणारं फ्युमॅरिक अ‍ॅसिड बहुतेक वेळा पेट्रोलियमपासूनच आलेलं असतं.

आणि सगळंच एन्झाइमच्या नळीतून येतं असं नाही हां, ग्लुटामेट आणि लायसिन मुख्यतः फर्मेंटेशननेच करतात, म्हणजे कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम या जिवंत जिवाणूला साखर खायला घालून.

शाकाहारी असाल तर सिस्टीन या अमायनो अ‍ॅसिडकडे लक्ष ठेवा, ब्रेडच्या पिठाला मऊ करायला वापरतात ते. पूर्वी ते केस आणि पिसं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये उकळून काढायचे, अजूनही काढतात, आता जिवाणूंकडूनही करून घेतात. लेबलवर दोघांचाही नंबर 920 च, त्यामुळे कुठलं ते कंपनीला मेल करूनच विचारावं लागेल.